आंघोळ कोण घालत होतं?

पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून काम करते. सेंटर लहान आहे, ३० खाटांचं. निम्म्याहून जास्त रहिवाशांना कमी-अधिक स्मृतिभ्रंश आहे. पुढचं प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे; गाव, नाती, आजाराचे काही तपशील ओळख पटू नये एवढे बदलले आहेत. या बाईंचे पहिले पाच आठवडे फार हालात गेले. त्यातले बहुतेक हाल टाळता आले असते, आणि त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती एका बाईकडे होती. प्रवेशाच्या दिवशी ती सेंटरच्या फाटकाबाहेर गाडीत बसून होती. तिला आत बोलवावं असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

काकू

वय ७८. वाई तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात नवरा-बायकोची पिठाची गिरणी होती. नवऱ्याला दम्याचा त्रास, त्यामुळे ३० वर्षं गिरणी खऱ्या अर्थानं यांनीच चालवली. पट्टा चढवणं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणं, उधारी लिहिणं, दगडाला टाकी लावायला माणूस बोलावणं, सगळं. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. लहानथोरांना त्या 'गिरणीच्या काकू'. मीही इथे काकूच म्हणते.

नवरा गेल्यावर तीन वर्षं एकट्या राहिल्या. मग विसरायला लागल्या. आधी उधारीचे हिशेब, मग गॅस, मग घराकडे यायचा रस्ता. मुलगा पुण्याला फ्लॅटवर घेऊन आला. थायरॉइड आणि बी-१२ तपासून झालं, मेंदूचा स्कॅन झाला आणि अल्झायमरचं निदान झालं. आमच्याकडे आल्या तेव्हा स्मृतीच्या ३० गुणांच्या चाचणीत १६ गुण होते. म्हणजे तारीख-वार नाही, पण माणसं ओळखत होत्या, वाचत होत्या, आपल्याला काय हवं-नको ते नीट सांगत होत्या.

मुलगा आणि सून दोघं नोकरी करणारे. फ्लॅटवर १४ महिने काढले. आठ महिन्यांत तीन बाया बदलल्या. एका रात्री काकू दार उघडून सोसायटीच्या बाहेर गेल्या आणि वॉचमनला हायवेलगत सापडल्या. नंतर बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात सेंटर ठरलं.

नागपूरच्या मुलीला ते मान्य नव्हतं. "दादा, तू आईला वृद्धाश्रमात टाकलंस," असं ती फोनवर म्हणाली, आणि कायद्यानं हा गुन्हा आहे असंही. आपल्याकडे या बाबतीत क्रियापद ठरलेलं आहे: मुलाला होस्टेलला 'ठेवतात', आईला आश्रमात 'टाकतात'. हे एक क्रियापद किती घरांची झोप घालवतं ते मी रोज पाहते. कायद्याचं म्हणाल तर ज्येष्ठांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ च्या अधिनियमातलं २४ वं कलम पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूनं कुठेतरी सोडून जाण्याबद्दल आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दरमहा ३४ हजार भरून, फोनला उत्तर देऊन, औषधं पोचवून आईची व्यवस्था करणारा मुलगा त्या कलमात बसत नाही. हे मी पुढे तिलाही सांगितलं. पण आधी मुलानं ते बहिणीच्या तोंडून ऐकलेलं होतं, आणि त्याच ओझ्याखाली त्यानं प्रवेशाचा फॉर्म भरला.

प्रवेशाचा दिवस

काकूंना सांगितलं होतं, "हात दाखवायला डॉक्टरांकडे जायचंय." कपड्यांची बॅग दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं आणून दिली.

फॉर्म चार पानी होता. आजार, औषधं, ॲलर्जी, डिपॉझिट, बिल कोणाच्या नावे, अडीअडचणीला कोणाला फोन, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, मृत्यूनंतर कोणाला कळवायचं. मुलानं तो २० मिनिटांत भरला. शिकलेला, नेमका माणूस. जे विचारलं होतं ते त्यानं अचूक लिहिलं.

मी त्याला दोन सल्ले दिले. एक, निघताना निरोप घेऊ नका, त्यांचं लक्ष नसताना निघा, नाहीतर मागे लागतील. दोन, पंधरा दिवस भेटायला येऊ नका, आधी रुळू द्या. दोन्ही सल्ले आमच्या क्षेत्रात सर्रास दिले जातात. मीही ते माझ्या आधीच्या माणसांकडून उचलले होते, कधी तपासून पाहिले नव्हते. आज मी ते देत नाही.

पाच आठवडे

मावशींच्या आणि सिस्टरच्या नोंदवहीतून जसंच्या तसं थोडं उतरवते.

पहिला आठवडा: "आजी हाक मारली तरी बघत नाहीत." "मुलगा कुठे गेला विचारत दारात उभ्या." "चादर सोडत नाहीत, अंगाला गुंडाळून बसतात." "हॉलमध्ये यायला नकार."

दुसरा: "चपाती चघळून बाहेर काढली." "संध्याकाळी चार वाजता साडीचं गाठोडं बांधून फाटकाशी. आवरताना चिडल्या, हात उगारला."

तिसरा: "कुणाशी बोलत नाहीत. बोललं तर भलतंच उत्तर." या आठवड्यात चाचणीत ११ गुण आले. मी फाइलमध्ये लिहिलं: आजार झपाट्यानं वाढतोय. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

चौथा: रात्रभर जाग्या, दिवसा पेंगुळलेल्या. भिंतीवर माणसं दिसतात म्हणू लागल्या. डॉक्टरांनी फोनवरूनच क्वेटियापीन या मनोविकारावरच्या औषधाची लहान गोळी सुरू केली. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. गोळी कधी द्यावीच लागत नाही असं नाही. पण ती द्यायच्या आधी माणसाला हात लावून तपासायला हवं होतं, ते झालं नाही. गोळीनं काकू शांत झाल्या, म्हणजे खुर्चीत मान टाकून बसू लागल्या.

पाचव्या आठवड्यात वजन केलं. आल्या तेव्हा ४६ किलो होत्या, काटा ४१.५ वर होता.

जागा बदलल्यावर वृद्ध माणूस खचतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सिंगच्या निदानांच्या अमेरिकी यादीत १९९२ पासून या ताणाला स्वतंत्र नाव आहे. नाव असण्याचा तोटा असा की आम्हीही 'नवीन जागेचा ताण' एवढं लिहून मोकळे होत होतो. एखादी गोष्ट का घडते आहे हे शोधायच्या आतच तिला घालायला पिशवी तयार होती.

सूनबाई

पाचव्या आठवड्यात बैठक बोलावली. मुलगा कामासाठी परदेशात होता, म्हणून सूनबाई आल्या. सोबत उन्हाळी कपडे बदलायची पिशवी. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी आईंना बघून येऊ का?"

आम्ही दोघी खोलीत गेलो. काकू गाऊनमध्ये, अंगावर चादर, खिडकीकडे तोंड. सूनबाईंनी दारातून हाक मारली नाही. वळसा घालून समोर गेल्या, वाकून तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या, काकूंच्या हाताला हात लावला, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मशीन कुठंय?"

"कसलं मशीन?"

"कानातलं."

कानाचं यंत्र कपाटाच्या वरच्या खणात होतं, डबीत, रुमालात गुंडाळून. पहिल्याच रात्री मावशींनी काढून ठेवलं होतं, हरवू नये म्हणून, आणि अगदी मनापासून जपलं होतं. फॉर्ममध्ये श्रवणयंत्राचा रकाना नव्हता. डबीतला सेल संपलेला. सूनबाईंच्या पर्समध्ये पाकीट होतं, नारिंगी पट्टी लावलेले १३ नंबरचे सेल. पट्टी सोलून त्यांनी मिनिटभर सेल तसाच तळहातावर ठेवला. "हवा लागू द्यायची, मग जास्त टिकतो," त्या म्हणाल्या. यंत्र कानात बसवलं, शिट्टी येते का पाहिलं, आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आई, मी आलेय."

काकूंनी मान वर केली. "एवढ्या उशिरा?" त्या म्हणाल्या.

पाच आठवडे ही बाई बहिऱ्या शांततेत बसून होती. मागून येऊन कुणीतरी दंडाला धरत होतं, अंगावरचं कापड ओढत होतं, तोंडाशी चमचा आणत होतं. हात उगारणार नाही तर काय करील? आणि जिला प्रश्नच ऐकू येत नाहीत तिची मी स्मृतीची चाचणी घेतली होती.

बैठक दोन तास चालली. तीत मी बोलले कमी. सूनबाई सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते.

काय-काय कळलं

गाऊन. काकूंनी जन्मात गाऊन घातला नव्हता. तारुण्यात नऊवारी, पुढे सहावारी, डोक्यावर पदर. सेंटरमध्ये सगळ्या बायकांना पुढून बटणांचा गाऊन असतो. आंघोळ घालायला, डायपर बदलायला सोपा. काकूंच्या लेखी त्या पाच आठवडे अर्ध्या कपड्यांत, परपुरुषांच्या वावरात होत्या. चादर होती ती पदराच्या जागी. हॉलमध्ये ब्रदर असतात, वॉर्डबॉय असतात. त्या तिथे जाणार कशा? आम्ही ही 'वर्तन-समस्या' म्हणून लिहिली होती. स्मृतिभ्रंशाच्या काळजीत माणूस आधी, आजार नंतर, हे टॉम किटवूड यांनी इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात आग्रहानं मांडलं. प्रशिक्षणात मी ते शिकलेही होते. पण माणूस आधी म्हणजे वाईच्या बाजूच्या एका बाईच्या बाबतीत पदर आधी, हे मला सुनेकडून कळावं लागलं.

उपाय सूनबाईंनी घरी आधीच शोधलेला होता. जुन्या मऊ सुती साड्या शिंप्याकडून शिवून घेतलेल्या, कमरेला नाडी, निऱ्या शिवलेल्या, मागच्या बाजूला वेल्क्रोची उघडझाप, पदर तेवढा मोकळा. एका मावशीला दोन मिनिटांत नेसवता येते. अशा चार साड्या त्यांच्या कपाटात होत्या. मुलानं बॅग भरताना सेंटरच्या यादीत 'गाऊन – ६' वाचून सहा नवे गाऊन विकत आणले होते.

रात्र. काकूंना डायपर लागतच नव्हता. त्या दोनच्या सुमारास उठतात, बाथरूमचा दिवा चालू असला आणि वॉकर पलंगाच्या उजव्या हाताला असला की जाऊन येतात, परत झोपतात. सेंटरमध्ये रात्रपाळीला १४ माणसांमागे दोन मावशी. पडू नयेत म्हणून पलंगाच्या कडा लावलेल्या आणि डायपर. दोन वाजता त्या कडा हलवत राहायच्या. नोंदवहीत: "रात्री गोंधळ."

पोट. झोपताना कोमट पाण्यातून इसबगोल, नाहीतर चौथ्या दिवशी त्रास. इथे शौचाच्या रकान्यात रोज टिक होती, कारण डायपर रोज बदलला जात होता. नीट विचारलं तेव्हा सहा दिवस पोट साफ झालेलं नव्हतं.

हे ऐकून सिस्टरनं त्याच दिवशी लघवीचा नमुना पाठवला. जंतुसंसर्ग निघाला. इथे एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी म्हणून थांबून सांगते. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन-चार दिवसांत माणूस एकदम बदललं, दिवसा झोपू लागलं, भास होऊ लागले, तर बहुतेक वेळा शरीरात दुसरं काही बिघडलेलं असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं, छातीत कफ, नवीन गोळी, कुठेतरी दुखणं जे सांगता येत नाही. याला सन्निपात म्हणतात आणि तो बहुधा उतरतो. काकूंचा उतरला. प्रतिजैविकं, भरपूर पाणी, पोट साफ आणि क्वेटियापीन बंद, यावर नवव्या-दहाव्या दिवशी भिंतीवरची माणसं गेली.

जेवणाचं थोडक्यात. वजन उतरल्यानं कवळी सैल झाली होती, ती दंतवैद्याकडून बसवून घेतली. चपाती बंद, ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून. भाकरी सुरू झाली त्या दिवशी काकू पहिल्यांदा जेवणाबद्दल बोलल्या: "गव्हानंतर दळलंय. सरमिसळ आहे." स्वयंपाकीण चकित झाली, कारण पीठ खरोखर बाहेरच्या गिरणीतून गव्हाच्या पाठोपाठ दळून आलेलं होतं.

चार वाजता

रोज चारला गाठोडं का? आमच्याकडे याचं तयार उत्तर होतं. सांज होताना अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, पावसाळ्यात अंधारून आलं की अधिकच. ते खोटं नाही. पण सूनबाई म्हणाल्या, "चारला गिरणी चालू व्हायची. भारनियमनाच्या वर्षांत तर वीजच चारला यायची. त्याआधी जाऊन डबे लावून ठेवायचे असायचे. फ्लॅटवरही चारला उठून उभ्या राहायच्या. मी ऑफिसातून फोन करायचे, बाईला सांगायचे, त्यांना घेऊन खाली चक्कर मारून ये, 'डबे आले का बघू' म्हण."

'घरी जायचंय' असं या आजारात माणूस म्हणतो तेव्हा घर म्हणजे पत्ता असतोच असं नाही. काहींच्या बाबतीत ते लहानपणाचं माहेर असतं, काहींच्या बाबतीत नुसता धीर. काकूंच्या बाबतीत ते कामावर जाणं होतं. फाटक बंद असणं म्हणजे गिऱ्हाइकं ताटकळत उभी असणं.

आम्ही काय केलं? आधी धान्य निवडायला दिलं. ताटात तांदूळ घेऊन बसायचं काम आम्ही सगळ्याच बायकांना देत असतो. काकूंनी दोन दिवस निवडले, तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारलं. "हे बायकांचं काम आहे, मी गिरणीत बसते," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. बाई म्हटलं की निवडणं-टिपणं हा आमचा आळस होता.

मग सिस्टरला सुचलं. आमच्या ऑफिसच्या टेबलावर दुपारी घरून आलेले डबे जमा होतात. लाडू, चिवडा, लोणचं, कुणाचं नाचणीचं सत्त्व. नेहमी गोंधळ असतो, एकाचा डबा दुसऱ्याकडे. काकूंना पावणेचारला तिथे खुर्ची दिली. मावशी डबा पुढे करते, नाव सांगते, काकू चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात नाव लिहितात, चिकटवतात, आणि डबा हातात तोलून म्हणतात, "सव्वा किलो." आम्ही एकदा काट्यावर घालून पाहिलं, फरक मूठभराचा. चुका होतात, दोनदा तेच नाव लिहिलं जातं. वाटायला नेणारी मावशी तपासून घेते. पहिल्या आठवड्यात गाठोडं रोज बांधलं गेलं, पण फाटकाकडे न जाता ऑफिसकडे आलं. पुढे आठवड्यातून एखाद-दोनदा.

एकदा घोळ झाला. सेंटरला भेट द्यायला आलेल्या काही मंडळींनी काकूंभोवती घोळका केला, टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर व्हिडिओ घेतले. काकू उठून खोलीत गेल्या आणि तीन दिवस टेबलाशी आल्या नाहीत. काम करणाऱ्या बाईचं कौतुक लहान मुलाच्या नाचासारखं करू नये. तेव्हापासून पाहुण्यांना चारला ऑफिसात सोडत नाही.

आणि हाक. 'आजी' म्हटलं की त्या वळून बघत नसत, यंत्र बसवल्यावरही. 'काकू' म्हटलं की बघतात.

निरोप आणि बहीणभाऊ

मुलगा पंधरा दिवस आला नव्हता, माझ्या सांगण्यावरून. त्यानंतर येऊ लागला तो संध्याकाळी पाचला, ऑफिसमधून सुटून, म्हणजे नेमका त्यांच्या सगळ्यात कठीण वेळी, आणि निघताना हळूच सटकायचा. मग काकू रात्रीपर्यंत त्याला शोधायच्या. माणूस डोळ्यांदेखत नाहीसा होतो अशी ही जागा, एवढंच त्यांच्या मनात पक्कं होत होतं.

आम्ही वेळ बदलली. शनिवार-रविवार सकाळी साडेदहा. यायचं, सोबत बसायचं, जेवण सुरू झालं आणि मावशी शेजारी बसली की उठायचं आणि सांगून उठायचं. "येतो गं आई." मराठीत निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही हे किती बरं आहे. भिंतीवर कालनिर्णय लावलं आणि पुढच्या भेटीच्या तारखेवर त्याच्याच हातानं गोल. काकूंना वार कळत नाही, पण गोल दाखवला की "येणारेय" म्हणतात.

'मला इथं का आणलं?' हा प्रश्न त्या अजून विचारतात. पूर्वी आम्ही 'हात बरा झाला की जायचं' असं सांगायचो. ते बंद केलं, कारण हात बरा झाला हे त्यांना दिसत होतं. आता मुलगा म्हणतो, "आई, घरी तू पडलीस. मला भीती वाटते. इथं रात्री माणसं जागी असतात." कधी त्या गप्प बसतात, कधी रागावतात. रागावल्या तर रागावू द्यायचं. त्यांचं घर सुटलंय, त्यांना राग यायचाच.

नागपूरची मुलगी दोन महिन्यांनी आली, चार दिवस राहिली. मी सुचवलं की एक रात्र सेंटरमध्येच आईच्या खोलीत काढा. सकाळी ती भावाशी वेगळ्या आवाजात बोलत होती. रात्री आई दोनदा उठली आणि दोन्ही वेळा कुणीतरी दारात आलं, हे तिनं पाहिलं होतं. ६० वर्षांवरच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे, हे मी तिला सांगितलं. तिला हे सगळं केवळ आपल्याच घरावर, दादाच्या हलगर्जीपणामुळे कोसळलं असं वाटत होतं. आता रोज रात्री आठला ती फोन करते; यंत्राला लावून ऐकवायचं कसं ते मावशींना तिनंच शिकवलं.

राहिल्या सूनबाई. त्यांना मी एकदा विचारलं, त्या दिवशी तुम्ही गाडीतच का बसलात? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सगळे म्हणत होते सुनेला नको झाली म्हणून. आत आले असते तर फॉर्मवर माझ्यामुळे सही झाली असं झालं असतं." १४ महिने रोज सकाळी सहाला आंघोळ घालणारी, पाठीला तेल लावणारी, कानात सेल घालणारी बाई. नात्यातल्या लोकांनी मुलाला विचारलं, "तुला किती त्रास होत असेल." तिला कुणी काही विचारलं नाही. आम्हीही नाही. आम्ही सही करणाऱ्या हाताकडे बघितलं, आंघोळ घालणाऱ्या हाताकडे बघितलं नाही, आणि त्याची किंमत काकूंनी साडेचार किलो वजनानं मोजली.

त्यानंतर

तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा घेतली, यंत्र लावून, सकाळच्या वेळी. १५ गुण. वजन ४४.५.

सेंटरनं फॉर्म बदलला. पहिलं पान आता आजारांचं नाही. पहिला प्रश्न: "गेले सहा महिने यांना आंघोळ कोण घालत होतं?" सून असो, मुलगी असो, पगारी बाई असो, ती व्यक्ती प्रवेशाच्या आधी दोन तास आमच्याशी बोलल्याशिवाय तारीख देत नाही. एका आजोबांच्या बाबतीत ती व्यक्ती त्यांचा ड्रायव्हर निघाला. त्याच्याकडून कळलं की आजोबांना उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या दोन्ही मुलांना हे ठाऊक नव्हतं. घरचे कधी कुरकुरतात, एवढं कशाला म्हणतात. आम्ही हटत नाही.

फॉर्मच्या मागे एक कोरा कागद असतो, आणि तो भरून पलंगाच्या डोक्याशी लावतात. काकूंचा कागद सूनबाईंच्या अक्षरातला आहे: काकू म्हणा. समोरून या. सोमवारी आणि गुरुवारी सेल तपासा. साडी, पदर डोक्यावर. दोन वाजता दिवा. चहा बशीतून. चारला डबे.

काकूंना येऊन आता १६ महिने झाले. आजार आपल्या गतीनं पुढे जातो आहे. गेल्या महिन्यापासून चिठ्ठी लिहिता येत नाही, नाव सांगितलं तर पेन हातात धरून थांबतात. चिठ्ठ्या मावशी लिहिते. डबा हातात दिला की काकू तो तोलतात आणि वजन सांगतात.